मागच्या दाराचा ओरखडा

गंजकाकांच्या हातात एखादी वस्तू द्या आणि मग बघा. कालच प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेली नखाएवढी बादली ते अशी करून देत, की बघणाऱ्याने म्हणावं, हिच्यात तीन पावसाळ्यांचं पाणी साचून गेलेलं आहे. वर्कशॉपात छोट्या प्रतिकृतींची कामं यायची. संग्रहालयाला जुनं रेल्वे स्थानक हवं असायचं, कुणा हौशी श्रीमंताला बापाचं पाडून टाकलेलं दुकान. भिंती आणि छपरं बाकीची पोरं उभी करायची, पण ते सगळं कोरं करकरीत, खेळण्यासारखं दिसायचं. मग ते काकांच्या टेबलावर यायचं आणि त्याला वय चढायचं.

त्यांच्या सगळ्या युक्त्या स्वयंपाकघरातल्या. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजत घालायची, आठवड्याने खाली बसलेला गंज फडक्यातून गाळून घ्यायचा. गंजाच्या रंगावर मिठाचे दाणे चिकटवायचे, वरून हिरवा रंग मारायचा आणि वाळला की ओल्या अंगठ्याने मीठ चोळून काढायचं. जिथे मीठ होतं तिथे रंगाचे पोपडे उडाल्यासारखं दिसतं. जिथे माणसाचा हात लागतो तिथे शिसपेन्सिलीची पूड चोळायची, म्हणजे लोखंड झिजून चकाकलेलं वाटतं. आणि दार असलं, की दारापुढच्या फरशीवर कंपासच्या टोकाने एक हलका अर्धगोल ओरखडा. दार उघडताना घासतं ना खाली, त्याची खूण.

हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. तो म्हणायचा, "वस्तू नवी असते ती दुकानात. बाकी साऱ्या जगात ती कुणीतरी वापरलेली असते." काकांनी तीस वर्षं हे वाक्य पाळलं. वर्कशॉपचा मालक थट्टा करायचा, "काका, तुम्हाला नवीकोरी गाडी दिली तर तिसऱ्या दिवशी तिला खरवडून ठेवाल!" काका हसायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि असल्या खोडीवर तर त्यांचं पोट चाललं होतं.

तर त्या वर्षी गाद्यांचा कारखाना जळाला.

भर दुपारी. फोमची गुंडाळी ती, पेट घ्यायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या फाटकाजवळ आग लागली, आत होते त्यांना मागे पळावं लागलं, आणि मागे एक लोखंडी दार होतं. अकरा माणसं त्या दारापाशी सापडली. त्यांच्यात पाळीचा सुपरवायझर होता, म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

दार बाहेरून कुलूपबंद असायचं, कारण मागून गुंडाळ्या चोरीला जायच्या. चावी रस्त्यापलीकडच्या ऑफिसात. मेहुण्याने ही गोष्ट जेवताना बायकोला किती वेळा तरी सांगितली होती. "आज परत चावी मागितली, परत म्हणाले बघू." सगळं तोंडी. बिचारा अर्ज लिहिणारा माणूसच नव्हता. आगीनंतर अग्निशमनवाल्यांनी दार कापून काढलं, कुलूप कुठे गेलं कुणाला माहीत, आणि दोन आठवड्यांत इमारत धोकादायक म्हणून पाडूनही टाकली. मग कंपनीने हळूच सांगायला सुरुवात केली, की दार तर रोज वापरात होतं, कुलूप आतून असायचं, चावी दारालगतच खिळ्याला असायची, पण सुपरवायझर घाबरला. त्याला चावी दिसली नाही आणि त्याच्या मागे दहा जण गेले. मेलेला माणूस उठून भांडायला येत नाही, हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

आणि लोकांचं काय, त्यांना कुणावर तरी राग काढायचाच असतो. ऑफिसातले साहेब हाताला लागत नाहीत, मग विधवा लागते. बहिणीच्या गल्लीत दोन घरं अशी होती जिथलं माणूस त्या आगीत गेलं होतं. त्यातली एक म्हातारी रोज सकाळी दारात उभी राहून तिला ऐकवायची, "तुझ्या नवऱ्याने माझं लेकरू नेलं गं." बहिणीने दूध आणायला दुसऱ्या रस्त्याने जायला सुरुवात केली.

सरकारी चौकशी बसली. इमारत तर उरली नव्हती, म्हणून चौकशी अधिकारी बाईंनी ठरवलं, की आगीच्या आधीचा कारखाना जसाच्या तसा प्रतिकृतीत उभा करायचा. काम आलं काकांच्या वर्कशॉपात. मालकाने त्यांना बाजूला घेतलं.

"काका, तुमचा मेहुणा होता तिथे. कळलं तर काम जाईल. मी दुसऱ्या कुणाला देऊ का बारीक काम?"

काकांनी विचार करायला एक रात्र मागितली आणि बहिणीकडे गेले. तिला ते लहानपणापासून चिमे म्हणायचे.

"तूच कर दादा," ती म्हणाली. "दुसरा कोणी करील तर उरकून टाकील. तुझ्या हातचं बघितलं की लोकांना कळेल तिथे काय होतं ते. ह्यांच्यावरचा डाग तेवढा पुसून दे. मला बाकी काही नको."

मग काय! काकांनी दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, मीच करतो, आणि दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं.

अडीच महिने ते काम चाललं. प्रतिकृती झाली शाळेच्या दोन बाकांएवढी, त्यात माणूस उभा केला तर मधल्या बोटाएवढा भरला असता. फोटो मिळाले होते सत्तर-ऐंशी. कामगारांनी वाढदिवसाला काढलेले, कंपनीच्या जाहिरातीचे, असे. काकांनी ते भिंगाखाली वाचून काढले. शिलाई मशीनची चाकं त्यांनी विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारेची केली. एका फोटोत पॅकिंगच्या टेबलाशी एक स्टूल होतं, त्याचा एक पाय सुतळीने बांधलेला. काकांनी शिवणदोऱ्याचा एक धागा सुटा करून तो पाय बांधला. भिंतीवर पानाच्या पिंका नव्हत्या तर नाही काढल्या, तेलाचा डाग होता तिथे काढला. इतकं प्रामाणिक काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

मागचं दार फक्त एका फोटोत होतं. फोमच्या गुंडाळ्यांमागे, अर्धवट, धूसर. खालची फरशी दिसतच नव्हती.

दार त्यांनी शेवटी केलं. सकाळपासून बसले होते. बिजागऱ्या औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदातून कापल्या, मोहरीहून बारीक खिळे डकवले, मीठ लावलं, हिरवा रंग मारला, मीठ चोळून काढलं. बाहेरच्या बाजूने कडी केली आणि तिच्यात तिळाएवढं कुलूपही करून ठेवलं. पण कुलूप असल्याचा पुरावा नाही म्हणून मालकाने ते काढायला लावलं. काकांचा जीव जळला, पण काढलं. त्याच रागात, मेहुण्याचा विचार करत, तो या दाराशी कसा उभा राहिला असेल, कशाने ठोकत असेल, असलं काहीबाही मनात येत असताना हात आपला चालत राहिला. हाताने दाराच्या मुठीवर पेन्सिलीची पूड चोळली. हाताने कंपास उचलला आणि फरशीवर अर्धगोल ओढला, त्यात राखाडी पूड भरली, फुंकर मारली. काकांना कळलंसुद्धा नाही. तुम्ही घरातून निघताना दिवा बंद करता तो आठवतो का तुम्हाला?

मग मालकाने नेहमीचा छापील कागद पुढे केला. "या प्रतिकृतीतील प्रत्येक तपशील उपलब्ध छायाचित्रे, मोजमापे व पुरावे यांवर आधारित आहे." खाली काकांची सही. संग्रहालयाच्या प्रत्येक कामाला ते ही सही ठोकत आले होते. ठोकली. कामगारांच्या वकिलाने येऊन फूटपट्टीने लांबी-रुंदी मोजली आणि तोही सही करून गेला. कंपनीच्या वकिलाने मात्र एक भिंग मागून घेतलं आणि तासभर वाकून बघितलं. जाताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कमाल आहे हो तुमची." काकांना तेव्हा बरं वाटलं होतं. काय हा माणसाचा स्वभाव!

चौकशीच्या दालनात प्रतिकृती मधोमध टेबलावर मांडली होती. बहीण तिसऱ्या रांगेत, काका आणि मालक मागे भिंतीशी. साक्षीला होती पॅकिंगवाली बाई. आगीच्या वेळी ती फाटकाबाहेर माल मोजत होती म्हणून वाचली. मागच्या दाराजवळ रोज बसणाऱ्यांपैकी ती एकटीच जिवंत. सगळी मदार तिच्यावर.

कंपनीचा वकील मोठ्या अदबीने उठला. "घाबरू नका ताई. किती वर्षं होतात तिथे?"

"आठ."

"मागचं दार तुमच्या टेबलापासून किती लांब?"

"दहा-बारा पावलं."

"ते उघडलेलं कधी पाहिलंत?"

"नाही. कधीच नाही. बाहेरून कुलूप असायचं." बाई ठासून बोलली. बहिणीने मागे वळून दादाकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला होता.

"जरा इथे या. ही जागा ओळखता?"

बाई प्रतिकृतीवर वाकली आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! माझं स्टूल! पाय बांधलेला, मीच बांधला होता तो. आणि हे, हे आमचं बरण्या ठेवायचं फडताळ..." ती रडायला लागली. दालनातले दोन-चार जण डोळे पुसू लागले. वकिलाने तिला पाणी दिलं, रडू दिलं, घाई केली नाही.

"म्हणजे बरोबर केलंय यांनी?"

"अगदी तस्संच आहे हो. आत गेल्यासारखं वाटतंय."

"आता हे भिंग घ्या. मागच्या दाराखाली काय दिसतं?"

बाईने भिंग धरलं. "घासल्याची खूण आहे. गोल."

भिंतीशी उभ्या काकांना तो ओरखडा तिथे, त्या क्षणी आठवला.

"दार न उघडता अशी खूण पडेल?"

"नाही पडणार."

"आणि मूठ? चकाकतेय ना, हात लागून लागून?"

"हो."

"मग?"

बाईने भिंग पुन्हा दारावर धरलं. ती खोटं बोलणारी नव्हती, हेच तर वाईट होतं. "माझी पाठ असायची तिकडे," ती हळूहळू म्हणाली. "मशीनचा आवाज... कुणी उघडलं तरी ऐकू नसतं आलं. उघडत असतील साहेब. असेल. मला आता नक्की नाही सांगता येत."

"तो ओरखडा मी काढलाय!" काका ओरडले. मालकाने त्यांची बाही धरली, ती झटकून ते पुढे आले. "मॅडम, तो फोटोत नाही. मी मनाने काढला. सवयीने. मला सगळ्याच दारांपुढे काढायची सवय आहे, बघा हवं तर, ऑफिसचं दार बघा, मुतारीचं बघा, सगळ्यांना आहे!"

"बरोबर," वकील शांतपणे म्हणाला. "कारण सगळीच दारं वापरात होती."

"अहो नाही! तुम्हाला कळत कसं नाही?"

अधिकारी बाईंनी कागद उचलला. "ही सही तुमची आहे? प्रत्येक तपशील पुराव्यावर आधारित आहे, असं इथे लिहिलंय."

"सही माझी आहे. पण ती आपली..." काका अडखळले. आपली काय? आपली अशीच ठोकली?

"मॅडम, परवानगी असेल तर एकच प्रश्न," वकील म्हणाला. "मृत सुपरवायझर आपले कोण?"

मालक जमिनीकडे बघत होता.

"बहिणीचे यजमान," काका म्हणाले.

"हे काम घेताना सांगितलंत?"

"नाही."

"आणि साक्ष तुमच्या मेहुण्याच्या विरोधात जायला लागल्यावर आज तुम्हाला आठवतंय, की खूण तुम्ही मनाने काढली."

न वापरलेलं दार कसं करायचं, हे काकांना येत नव्हतं असं थोडंच होतं! बिजागरीत रंग साकळलेला ठेवायचा, चौकटीच्या फटीत धुळीची रेघ भरायची, मुठीला सगळीकडून एकसारखा गंज. तासाभराचं काम. त्यांनी हात जोडले. "मला एक दिवस द्या मॅडम. मी दुसरं दार करून आणतो. वर्षानुवर्षं बंद असलेलं. तुम्ही बघाल ना, तर म्हणाल हेच खरं."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. वकिलाने मान वळवून अधिकारी बाईंकडे पाहिलं आणि खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती.

कामगारांचा वकील बाहेरच्या जिन्यात काकांवर खेकसला, "आधी सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला?" करायला गेले एक आणि झालं भलतंच. दालन रिकामं झालं तरी बहीण आत होती. काका तिला न्यायला गेले, तर ती प्रतिकृतीवर वाकून उभी होती, नवऱ्याचं टेबल, नवऱ्याची खुर्ची, खुंटीवरचं त्याचं जाकीट एकेक करून बघत. मग ती मागच्या दाराकडे आली आणि तिथे पुष्कळ वेळ थांबली. शिपायाने दिवे घालवायला घेतले तेव्हा ती निघाली.

दोन महिन्यांनी अहवाल आला. दार नियमित वापरात होतं. पर्यवेक्षकाने प्रसंगावधान राखलं असतं तर जीवितहानी टळली असती. कंपनीला चार सूचना आणि एक ताकीद. गल्लीतल्या म्हातारीने अहवालाची बातमी कापून बहिणीच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली. काकांनी त्याच दिवशी वर्कशॉपात सांगून टाकलं, की उद्यापासून येत नाही. मालकाने फार आग्रहही केला नाही.

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. तिने चहा ठेवला. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि तिच्या पाठीकडे बघत राहिले. आज ती शिव्या देईल, कप फेकून मारील, म्हणेल दादा तू घात केलास, याची त्यांनी तयारी केली होती. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

तिने कप पुढे ठेवला आणि समोर बसली.

"दादा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना गं चिमे."

"ते दार उघडत असेल का रे?"

"काय बोलतेस तू? तुला त्याने रोज सांगितलं होतं. चावी ऑफिसात असायची."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं होतं. मी काही तिथे गेले नव्हते कधी. आणि आपला घाबरटपणा कुठला माणूस बायकोला सांगतो? चावी जागेवरच असेल, पण दार उघडं ठेवा असं कुणाला म्हणायला ह्यांना अवघड वाटत असेल, म्हणून मला येऊन ते ऑफिसचं नाव सांगत असतील. तसा स्वभाव होता ह्यांचा. भिडस्त."

"चिमे, तो ओरखडा मी काढला. या हाताने. कंपासने. तिथे काही नव्हतं."

"ते ऐकलं मी. पण तू उगीच कशाला काढशील? स्टूलचा पाय बरोबर, ह्यांचं जाकीट बरोबर, सगळं बरोबर, आणि तेवढंच चुकलं? तुला फोटोत काहीतरी दिसलं असेल दादा. आता माझ्यासाठी नाही म्हणतोयस."

"तुझी शपथ घेतो. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो." त्यांनी खरंच हात ठेवला.

तिने तो हळूच बाजूला केला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. लहान मुलाची समजूत काढावी तसं त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "चहा घे, निवतोय."

काकांनी चहा घेतला. जगात मेहुण्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं होतं. आता ते उठून कप विसळत होतं आणि उद्या म्हातारीला भेटून माफी मागावी म्हणत होतं.